रिकाम्या वेळातलं

परवा माळा आवरताना आजीचा क्रोशाचा रुमाल सापडला, लँडलाइन होता तेव्हा फोनखाली असायचा तो. तेव्हा आमच्या घरात उघडं असं काही नसायचंच, टीव्हीवर रुमाल, मिक्सरवर रुमाल, दाराला तोरण, आणि आजीला विचारलं की म्हणायची, काही नाही गं, रिकामा वेळ होता.

मग मीही क्रोशाची आकड्याची सुई आणि दोरा घेऊन आले. साखळी, मुका खांब, खांब असे त्यातले टाके, व्हिडिओत सगळं सोपं वाटतं हो. पहिला रुमाल वाटीसारखा वर वळला, कारण फेरीत खांब वाढवायचेच राहिले, दुसऱ्यात इतके वाढवले की त्याची झालर झाली, आणि रुमाल टेबलावर नीट सपाट पडायला मला तीन आठवडे लागले. रिकामा वेळ म्हणे!

आयर्लंडमधे १८४५ला बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, तेव्हा नन्सनी तिथल्या बायका-मुलींना क्रोशा शिकवला. नमुना डोळ्यासमोर होता तो व्हेनिसच्या लेसचा, खाली कापड न घेता नुसत्या सुईने केलेल्या, इटलीत त्याला म्हणायचे हवेतले टाके (काय नाव आहे!). पण त्याला फार वेळ लागतो, क्रोशाच्या सुईने काम भराभर उरकतं. गुलाब, तीन पानांचा शॅमरॉक असं सुटं सुटं विणायचं आणि मग जाळीने जोडून टाकायचं. त्या पैशांवर कितीतरी घरांत चूल पेटली.

आपली त्र्यंबकची गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते ना, तिथे जवळच नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम तिथे नेलं आणि अजूनही हजारो बायका घरी बसून विणतात, माल परदेशात जातो, २०२४ला जीआय टॅगसुद्धा (भौगोलिक मानांकन) मिळाला. दोरा आणून देणारा एजंट, माल उचलणारा व्यापारी, यांचा तो धंदा, आणि बाई मात्र घरबसल्या चार पैसे मिळवते. ही भाषाच मला खटकते.

लेसच्या जाळीचं मशीन इंग्लंडमधे जॉन हीथकोटने १८०९लाच काढलं, पण क्रोशा अजून कारखान्यातल्या मशीनला जमलेला नाही, मशीनचं जे असतं ते लांबून तसं दिसणारं विणकाम. म्हणजे सेलमधे खराखुरा क्रोशाचा टॉप चारशेला लटकलेला दिसला की मी तिथेच उभी राहून हिशोब करायला लागते, दोऱ्याचे इतके, दुकानाचे इतके, आणि मग विणणाऱ्या बाईच्या हातात काय राहिलं? घ्यायचा की नाही हे काही ठरत नाही, तशीच घरी येते.

आजीच्या रुमालात सातव्या फेरीत एक खांब कमी आहे, बोटाने मोजत गेलं तरच कळतं. पुढच्या फेरीत तिने एकाच घरात दोन खांब घालून तो भरून काढलाय. बहुतेक कोणीतरी मधेच चहा मागितला असणार.