तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच माणसाला पुन्हा पैसे का दिले

बर्मिंगहॅममधल्या मराठी घरांत, राजापूरला काकांकडे आणि आमच्या चामातल्या केनियन मैत्रिणींमध्ये, तिन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारला जातो. ज्याने पैसे बुडवले त्यालाच पुन्हा कसे दिलेस? विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी भोळी वाटते, उरलेल्यांना दुटप्पी. आजवर विषय बदलत आले. आज सांगते.

चामा म्हणजे आपली भिशीच. हॉस्पिटलातल्या आम्ही बाराजणी, अकरा केनियन नर्सेस आणि मी. दरमहा शंभर पौंड. हिशेब माझ्याकडे, कारण माझी आई लालबागच्या चाळीत भिशी चालवायची आणि वही कशी ठेवायची ते मी तिच्याकडे बघून शिकले. २०२२ मध्ये साठलेल्यातले ३८ हजार पौंड काढून आम्ही केनियातल्या न्यानदारुआत, ओल कालोऊ गावाजवळ, एक जुना बल्क कूलर (दूध थंड ठेवायची मोठी टाकी), जनरेटर आणि पत्र्याची शेड उभी केली. तिकडे सकाळचं दूध डेअरीची गाडी उचलते. संध्याकाळच्या दुधाला गिऱ्हाईक नसतं. ते घरात पितात, शेजारी देतात, उरलेलं नासतं. रात्रभर चार अंशांवर ठेवलं तर सकाळी विकता येतं. केंद्र चालवायला ठेवला माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. अकरा महिने चाललं. मग पाच आठवडे शेतकऱ्यांना पैसे मिळाले नाहीत, आणि जुलै २०२३ मध्ये रजा काढून मी गेले.

"आफ्रिकेत असंच व्हायचं," असं जे लगेच म्हणतात त्यांना आधी उत्तर देते. २०२३ मध्ये परदेशी राहणाऱ्या केनियन लोकांनी घरी जवळपास ४.२ अब्ज डॉलर पाठवले. केनियाच्या चहाच्या निर्यातीपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा. नायजेरियाने २०१७ मध्ये परदेशस्थ नागरिकांसाठी रोखे काढले तेव्हा ३० कोटी डॉलर उभे राहिले. आपणही अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये अनिवासी भारतीयांकडून असेच चार अब्जांवर डॉलर घेतले होते. पैसा आहे आणि द्यायची इच्छाही आहे. सरकारला दिला तर हातात कागद येतो, व्याजाचा दर येतो, परतफेडीची तारीख येते. भावाला दिला तर काय येतं?

माझे बाबा गिरणीत होते. दर महिन्याला गावी मनीऑर्डर करायचे आणि काही दिवसांनी पोचपावती परत यायची, आजीच्या अंगठ्याची. त्या पावतीवर एवढंच कळायचं की पैसे पोचले. त्यांचं काय झालं हे बाबांनी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे आईवर अविश्वास. गावच्या मुंबई मंडळाने देवळाचा मंडप बांधला, शाळेवर कौलं घातली. काजू फोडायचा कारखाना काढायचं एकदा बोलणं झालं होतं. "हिशेब कोण कोणाला मागणार?" इथे ते थांबलं. बाबांच्या पैशाने गावचं घर पक्कं झालं. आज ते बंद आहे.

म्हणून मी वही घेऊन गेले. मला वाटत होतं, आपण विचारणारे आहोत, आपलं वेगळं होईल.

नैरोबीहून मटाटूने, म्हणजे तिकडच्या वडाप गाडीने, नैवाशा, तिथे गाडी बदलून पुढे. शेडमध्ये कूलर बंद होता, झाकण उघडं, आत कोरडं. भावाने खुर्ची पुसून दिली आणि न मागता रजिस्टर पुढे ठेवलं. मी दोन दिवस ते वाचलं. पहिले आठ महिने स्वच्छ होते. एप्रिलपासून वीज महागली होती, जुलैत इंधनावरचा व्हॅट ८ वरून १६ टक्के झाला, डिझेलचे आकडे फुगत गेले होते. हे सगळं सोसण्यासारखं होतं. पण मे महिन्यात चार नोंदी होत्या, मिळून ४ लाख ८० हजार शिलिंग. चारही नोंदींपुढे त्याने लिहिलं होतं: आई, हॉस्पिटल.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मला वाटलं होतं तो नजर चुकवेल. त्याने फोन काढून मेसेज दाखवले. माझ्या मैत्रिणीने, बर्मिंगहॅमहून, त्याला लिहिलं होतं: तिथले घे, मी दोन महिन्यांत भरते, चामात बोलू नको. तिला भरता आले नाहीत. तिने मला सांगितलं नाही. आम्ही रोज एकत्र डबा खात होतो.

परतल्यावरच्या रविवारी तिच्याच स्वयंपाकघरात बैठक झाली. भाऊ स्पीकरवर होता. मी पानामागून पान वाचलं, तारखा वाचल्या, शेवटी तिचा मेसेज वाचला. कोणी बोललं नाही. भाऊ त्यांच्या किकुयू भाषेत तिला काहीतरी म्हणाला. मला त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही. ती उठली, गॅसवरचा चहा बंद केला आणि वरच्या खोलीत गेली. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. कूलर अर्ध्या किमतीला विकला, ज्याचा त्याचा वाटा दिला, माझा हिशेब पेनीपर्यंत जुळला.

तेव्हाची मी म्हणते: बाराजणींच्या रात्रपाळ्यांचे पैसे होते ते, लपवायचा अधिकार मला नव्हता. खरं आहे. पण नैवाशाच्या स्टॉपवर परतीच्या गाडीची वाट बघत मी चाळीस मिनिटं बसले होते, फोन हातात होता. तिला एकटीला विचारता आलं असतं. मी फोन केला नाही, कारण मला राग आला होता, आणि रागावलेल्या माणसाला पुरावा हातात असल्याचं सुख असतं. हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय. तरी पुन्हा तशीच वेळ आली तर बैठकीत वाचणार नाही, असंही मी सांगू शकत नाही.

त्या वर्षी शिलिंग घसरत होता. जानेवारीत डॉलरला १२३च्या आसपास होता, डिसेंबरात १५६च्या पुढे. घरी पैसे पाठवणारीचे तेवढेच पौंड तिकडे जास्त शिलिंग होत होते, आणि गुंतवणारीचे शिलिंग इकडे कमी पौंड. माझी मैत्रीण या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभी होती. मी फक्त एका बाजूला होते. माझी आई तिकडे पडलेली नव्हती.

आता तुमचा प्रश्न. गेल्या वर्षी भावाने मला मेसेज केला: मोटारसायकल आणि सहा कॅन घ्यायचे आहेत, संध्याकाळचं दूध घरोघरी गोळा करून गावातल्या हॉटेलांना देईन, बहिणीला विचारलेलं नाही. मी स्वतःचे दोन हजार पौंड दिले. या वेळी कागद केला, हप्ता ठरवला. दिले ते त्या चार नोंदींमुळे. तो तिथे डिझेल लिहू शकला असता, डिझेल त्या महिन्यात सहज खपलं असतं. त्याने आई लिहिलं. असा माणूस मला इंग्लंडात किंवा राजापुरात रोज भेटत नाही.

तुम्ही म्हणाल, मैत्रिणीला चारचौघांत उघडं पाडलंस आणि तिच्या भावाला पाठीशी घातलंस. तिने हेच दुसऱ्या एकीकडून कळवलं. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. तिने लपवलं, त्याने लिहिलं, एवढा फरक मला दिसतो. पण त्याने लिहिलं ते तिच्या सांगण्यावरून घेतलेले पैसेच होते, आणि आई दोघांची होती.

पाच हप्ते वेळेवर आले. एप्रिलचा आलेला नाही. तिकडे मोठा पाऊस चालू आहे, रस्त्यावर चिखल आहे, मोटारसायकल जात नाही, असा त्याचा मेसेज आहे. मार्च ते मे तिकडे पाऊस असतोच. परवा रात्रपाळी संपली की फोन करणार आहे. आधी हप्त्याचं विचारायचं की आईचं, ते अजून ठरलेलं नाही.