बांधावरचा साग आणि इंदूरची वखार

मध्य प्रदेशातल्या कन्नौद-खातेगावकडच्या शेतकऱ्याला बांधावरचा साग विकायचा असेल, तर तोडण्याची परवानगी महसूल खात्याकडे मागावी लागते आणि लाकूड हलवण्यासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘टीपी’, वेगळी काढावी लागते. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने या हेलपाट्यांना कंटाळून उभी झाडेच दलालाला देऊन टाकली. कागद दलालाने केले आणि भावही त्यानेच ठरवला.

नियमांना कारण नाही असे नव्हे. ओंडका एकदा ट्रकवर चढला की तो शेतातला की जंगलातला हे कळत नाही, म्हणूनच १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ४१ व्या कलमाने राज्यांना वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार दिला. मध्य प्रदेशाने २०१५ मध्ये खासगी जमिनीवरील अनेक जातींना परवान्यातून सूट दिली होती, ती अधिसूचना उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केली. डिसेंबर २०२३ मध्ये देशभर सुरू झालेल्या ऑनलाइन परवाना प्रणालीने हेलपाटे कमी व्हावेत. (तिची चाचणी आपल्याच राज्यात झाली होती, हे इंदुरात फारसे कुणाला ठाऊक नाही.)

माझा आक्षेप असा की सारी नजर रस्त्यावर आहे, लाकूड जिथे येऊन चिरले जाते त्या वखारीवर नाही. तिथल्या आरा मशीनला, म्हणजे लाकूड चिरण्याच्या यंत्राला, १९८४ च्या काष्ठ चिरान अधिनियमाखाली परवाना लागतो, आणि २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवा लाकूड-कारखाना मंजूर करताना राज्यस्तरीय समितीने लाकडाची उपलब्धता पाहायची असते. शेतातल्या झाडांची धड नोंदच नसेल, तर ती उपलब्धता दिसणार कुठून? मग कारखाना निघत नाही, आणि जवळ गिऱ्हाईक नाही म्हणून शेतकरीही झाडे लावत नाही. हरियाणातल्या यमुनानगरचे प्लायवूड कारखाने भोवतालच्या शेतांतल्या पॉपलर-निलगिरीवर उभे राहिले. आपल्याकडे सलई आणि बांबूवर सुरू झालेली नेपानगरची कागद गिरणी मात्र पुढे रद्दी कागदाकडे वळली.

झाड लावतानाच त्याची नोंद खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी दप्तरात, व्हावी आणि तपासणी वखारीच्या आवक-नोंदवहीवर व्हावी, एवढे झाले तरी प्रामाणिक शेतकऱ्याला दलालाची गरज उरणार नाही. खासगी झाडोऱ्याच्या व्यवस्थापन योजनेची सोय २००१ च्या लोकवानिकी अधिनियमात आहेच. त्या योजनांतली झाडांची यादी वखारीच्या नोंदवहीशी जोडून एखाद्या तहसिलीत प्रयोग करायला नवा कायदा लागू नये.