गुरुजी, भेव नही लागस का?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. देवपुरातून पांझरेच्या पुलावर सायकल घातली की एखादा जुना विद्यार्थी मोटरसायकल हळू करून शेजारी येतो. "गुरुजी, या वयात सायकल? भेव नही लागस का तुमले?" मी हसतो, तो पुढे निघून जातो. पुलावर पायडल मारता मारता याचं उत्तर देता येत नाही. दम पुरत नाही आणि मागचे हॉर्न मारतात. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितो.

भीती वाटते. सरळ रस्त्यावर मात्र नाही. तिथे मागून येणारा हॉर्न देतो, कधी शिवी देतो आणि बाजूने जातो. शिवी दिली म्हणजे मी त्याला दिसलो, एवढी खात्री पटते. माझी छाती धडधडते ती चौफुलीवर, आणि तिथेही डाव्या हाताच्या कोपऱ्यावर.

धुळं मुळातच चौफुलीचं गाव. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, सोलापूरकडचा रस्ताही इथूनच फुटतो. बाहेरून वळणरस्ता झाला तरी वाळू, सिमेंट, कांदा, कापसाच्या गाठी यांना गावात यावंच लागतं. त्याच कोपऱ्यावर सकाळी दप्तर कॅरिअरला लावलेल्या शाळेच्या मुली उभ्या असतात.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नोकरीत होतो, चित्रकला शिकवायचो. सिग्नल सुटला. मला सरळ जायचं होतं, माझ्या उजव्या हाताला एक ट्रक होता. तो डावीकडे वळायला लागला. त्याचं तोंड माझ्या पुढून निघून गेलं, मला वाटलं सुटलो. तेवढ्यात त्याचं धूड दार लोटावं तसं माझ्या अंगावर यायला लागलं. मी फुटपाथच्या बाजूला उडी टाकली. कोपर सोललं, सायकलच्या मागच्या चाकाचा पापड झाला.

ड्रायव्हर पळाला नाही. शिरपूरकडचा होता. खाली उतरला, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही माले दिसनातच नही." मी चिडलो, तसा तो म्हणाला, "वर या, बसा, मंग देखा."

चढलो. नववीतला एक मुलगा माझी मोडकी सायकल धरून डाव्या दाराला लागून खाली उभा होता. मला तो दिसेना. आरशात नाही, काचेतूनही नाही. ओरडून सांगितलं, दोन पावलं पुढे ये. तरी नाही. हात वर कर म्हटलं, तेव्हा त्याची बोटं दिसली. त्या ड्रायव्हरवरचा माझा राग तिथेच उतरला.

घरी आलो, कोपराला हळद लावली आणि कंपास काढला. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ५ मीटर अंतर धरा. पुढचं चाक १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत राहिलं, तर मागचं फिरतं ८.६६ मीटरच्या वर्तुळावर. म्हणजे मागचं चाक जवळजवळ १.३४ मीटर आत येतं. सायकलच्या हँडलची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर. त्या पट्ट्यात दोन सायकली शेजारी शेजारी बसतात, आणि नेमक्या तिथेच आपण उभे असतो. आयुष्यभर मुलांकडून वर्तुळं काढून घेतली, पण हे वर्तुळ मला ट्रकने शिकवलं.

दुसरं गणित वेगाचं. गाडी सारखीच कलू द्यायची असेल, तर वळणाची त्रिज्या चौपट केल्यावर वेग दुप्पट करता येतो. आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली शक्ती चौपट. आपल्याकडे रस्ता रुंद करताना आधी कोपरा कापून ऐसपैस गोल करतात. मग गाड्या वेग न मोडता वळतात. वर 'लेफ्ट फ्री' नावाचा एक समज आहे. तसा बाण किंवा पाटी नसेल तर लाल दिवा डावीकडे वळणाऱ्यालाही लाल असतो. हे मी सांगायला गेलो की लोक माझ्याकडे, गुरुजींना ऊन लागलंय, असं बघतात.

लोक म्हणतात, सायकलींसाठी वेगळा पट्टा रंगवा. रंगवा, माझी ना नाही. पण पट्टा चौकाच्या अलीकडे पन्नास पावलांवर संपतो आणि माणूस मरतो तो चौकात.

हॉलंडचं नाव काढलं की लोकांना वाटतं ते पहिल्यापासून सायकलवाल्यांचं गाव. १९७१ साली तिथे रस्त्यांवर ३,०००हून अधिक माणसं गेली, त्यांत ४००हून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. तेलाची टंचाईही त्याच दशकातली. त्यानंतर हळूहळू चौक बदलत गेले. तिथल्या चांगल्या चौकात कोपऱ्यावर एक छोटं दगडी बेट असतं. वळणारी गाडी त्याला वळसा घालते, म्हणून तिला वेग मोडावाच लागतो. सायकलवाला बेटाच्या आड, गाड्यांच्या पुढे थांबतो. रस्ता ओलांडायची जागा कोपऱ्यापासून एका मोटारीच्या लांबीइतकी आत सरकवलेली असते. त्यामुळे गाडी वळून झाल्यावर सायकल ड्रायव्हरच्या थेट समोर येते, बगलेत राहत नाही. ते उजवीकडून गाड्या चालवतात, तेव्हा चित्र आरशात धरून बघायचं.

लंडनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, आणि सायकलवाल्यांचा काळ म्हणजे तोच, डावीकडे वळणारा मोठा ट्रक. तिथे २०२१पासून ड्रायव्हरला केबिनमधून थेट किती दिसतं यावर मोठ्या ट्रकना तारे देऊन परवाना देतात.

"मग ट्रक वळणार कसा, गुरुजी?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कोपऱ्याचा बाहेरचा भाग बुटक्या, खडबडीत दगडांचा करायचा. मोटार आणि रिक्षा दणका बसतो म्हणून त्यावर जात नाहीत, ट्रकचं मागचं चाक त्यावरून आरामात जातं.

परदेशचं सगळं इथे चालेल असं मात्र नाही. सायकलवाल्यांना सगळ्यांच्या पुढे उभं करा म्हणतात, पण मे महिन्यात धुळ्याचा पारा ४२-४३ला गेलेला असताना तिथे कोण उभं राहील? आमच्या सिग्नलला सगळे थांबतात ते पांढऱ्या रेषेच्या वीस पावलं अलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत. ज्याला सावली मिळत नाही तो लाल दिवा तोडतो. म्हणून माझ्या नकाशात थांबायच्या जागेवर आधी झाड आहे.

तो नकाशा मी रंगीत काढून, मापं घालून, एका कार्यालयात दिला होता. साहेबांनी चहा पाजला. पुढे कोपऱ्यावर वाळू भरलेले चार ड्रम आले. महिनाभर गाड्या खरंच दबकून वळत होत्या. मग कुणीतरी मोठे येणार होते, रस्ता मोकळा हवा होता, ड्रम गेले ते गेलेच.

आता तिथे उन्हाळ्यात एक रसवंतीवाला गाडी लावतो, बरोब्बर ड्रमांच्या जागी. अतिक्रमण आहे, मला कळतं. त्याच्या घुंगरांच्या आवाजात कोपरा आक्रसतो आणि ट्रक चालत्या माणसाच्या वेगाने वळतात. मार्च ते जून मी तिथून सायकलवर बसून जातो. पहिला पाऊस पडला की तो गाडी घरी नेतो, आणि मी चौफुलीच्या अलीकडे खाली उतरून हँडल धरून चालतो.