चित्र कॉम्प्युटर काढतो, मग तू काय करतेस?

ऑफिसात, लोकलमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही हेच विचारतात, आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते. मी आकड्यांवरून चित्रं काढणारा कोड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, लिहिते. कोड रन केला की चित्र येतं हे खरंय, पण कुठले आकडे घ्यायचे, त्यांना कुठला नियम लावायचा आणि रंग कसे द्यायचे हे सगळं मी ठरवते, आणि वेळ तिथेच जातो.

आमच्या हॉलमधलं कापरेकरांच्या आकड्याचं चित्र घ्या. द. रा. कापरेकर म्हणजे देवळालीला शाळेत शिकवणारे मास्तर, त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गंमत जगापुढे मांडली. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेला वजा करा, जे येईल त्याचं परत तेच, की जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतोच येतो. १९४९ च घेऊन बघा, ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४, पूर्ण ७ लागतात!

तर ०००० ते ९९९९ सगळे मी १०० बाय १०० च्या जाळीत मांडले, पहिले दोन अंक म्हणजे ओळ, शेवटचे दोन म्हणजे कॉलम, आणि जितक्या पायऱ्या तसा रंग. (कोडमध्ये पुढचं शून्य सांभाळावं लागतं, ०९९९ चं नुसतं ९९९ झालं की वजाबाकी शून्य.) स्क्रीनवर काय आलं माहितीये? कर्णावर ११११, २२२२ असे दहा काळे ठिपके, कारण ते ६१७४ ला पोचतच नाहीत, आणि कर्णाच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या, कारण १२३४ काय नि ३४१२ काय, अंक तेच त्यामुळे पायऱ्याही तेवढ्याच. ही नक्षी मी काढलेली नाही, ती आकड्यांतच होती, आणि मला ते अजूनही फार भारी वाटतं.

रंगांचं मात्र सगळं माझ्यावर. सगळ्यात जास्त चौकोन ३ पायऱ्यांचे, तिथे भडक रंग दिला तर बाकीचं काही दिसतच नाही, म्हणून तिथे फिकट राखाडी ठेवला आणि ७ पायऱ्यांना पावसाळ्यात अख्ख्या मुंबईच्या छपरांवर दिसते त्या ताडपत्रीचा निळा. लगेच नक्षी उठून आली.

घरात आठवी-नववीतलं कोणी असेल तर आधी वहीत पाच-सहा आकडे करायला लावा, मग रविवारी पाठवा माझ्याकडे, कोड मी शिकवते.