पावणेचारची मोटर

दुकानाचं शटर अजून अर्ध्यावरच होतं, तोच आप्पा गाडीवरून उतरले. "पैसे पाचाचे घेतले आन् मोटर पावणेचारची बसवली व्हय रं?"

आदल्या दिवशीच त्यांच्या विहिरीवर मी नवा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच बॉडीत असलेला, बसवला होता. शेजारच्याने प्लेट वाचली : ३.७ किलोवॅट. एचपीचा आकडा कुठेच नव्हता. झालं, रात्रभर आप्पांना झोप नाही.

शेतावर गेलो. एक एचपी, म्हणजे एका घोड्याची ताकद, ७४६ वॅट, पाचाचे ३७३० झाले, हे मी विटेच्या तुकड्याने हौदाच्या कठड्यावर लिहून दाखवलं. आप्पा म्हणाले, "आमच्याकडं घोडा कधी व्हता? मोटेला बैलं व्हती." मग दुसरीकडून गेलो. साधारण ७६ किलोचं ओझं एका सेकंदात मीटरभर वर उचलणं, म्हणजे एक घोडा. हे माप जेम्स वॅटने इंजिनं विकताना ठरवलं आणि पुढे विजेच्या मापालाही त्याचंच नाव पडलं. दोन्ही आकडे एकाच माणसाच्या घरचे! आप्पांना यात काडीचा रस नव्हता.

"मीटर काय म्हनतो ते बघू," ते म्हणाले.

मोटर चालू केली. तारेला टोंग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावला, अँपियर प्लेटवर होते तेवढेच. मीटरवर लिहिलेलं, ८०० पल्सला एक युनिट. मी घड्याळ धरलं, आप्पांनी लाल दिव्याचे लुकलुकाट मोजले. मिनिटात ५८. म्हणजे तासाला ३४८० पल्स, ४.३५ युनिट, म्हणजेच ४.३५ किलोवॅट.

आप्पा उसळलेच. "प्लेटीवर ३.७ आन् खाती ४.३५? मग चोर कोन?"

खरं सांगायचं तर माझा हिशेब इथेच सुटला. प्लेटवरचा आकडा शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या दांड्यावर, मिळणाऱ्या ताकदीचा असतो, तारेतून आत जाणाऱ्या विजेचा नव्हे. मधलं साडेसहाशे वॅट कुठे जातं? अर्ध्या तासाने आप्पांना म्हटलं, बॉडीवर हात ठेवा. ठेवला आणि झटकन काढला.

"म्हंजी ह्या चटक्याचंबी बिल मीच भरायचं."

भरायचंच होतं. त्यावर मात्र ते हसले, आणि मला लाल ऑइलपेंट आणायला पाठवलं. मोटरच्या अंगावर मोठ्या अक्षरांत '५ एचपी' लिहून घेतलं, शेजाऱ्याच्या बांधावरून दिसेल अशा बाजूला.