मार्क, आरडीए, डीडीसी : ग्रंथालयातल्या आद्याक्षरांशी झालेली ओळख

आमच्या वाचनालयातली तालिकापत्रं कोहा या संगणकप्रणालीत चढवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. कार्ड लिहायची सवय होती. पण इथे पडद्यावर मार्क, सूचनांच्या कागदात आयएसबीडी आणि आरडीए, शिकवणाऱ्यांच्या तोंडी एएसीआर-टू, डीडीसी, झेड ३९.५०. सगळ्यांची लांबलचक रूपं वहीत उतरवून पाठ केली. त्याचा उपयोग शून्य. ‘मशीन रीडेबल कॅटलॉगिंग’ तोंडपाठ असलं तरी समोरच्या रिकाम्या चौकटीत काय भरायचं ते थोडंच कळतं?

मग प्रत्येक नावाला एकच विचारायला लागले: नोंदीत तुझं काम काय? मार्क म्हणजे नुसते खण. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी ते आखले. २४५मध्ये शीर्षक, १००मध्ये लेखक, ०२०मध्ये आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ०८२मध्ये वर्गांक. खणात काय आणि कसं लिहायचं हे ठरवतात नियम: आधी १९७८ची एएसीआर-टू, नंतर २०१०ची आरडीए. आयएसबीडी विरामचिन्हांचा कारभार बघते. शीर्षकानंतरची तिरकी रेघ तिचीच. कार्डांवर ती आम्ही वर्षानुवर्षं ओढत आलो होतो. पुस्तकांना विषयवार वर्गांक देणारी डीडीसी तर जुनी ओळखीची, मराठी साहित्य ८९१.४६, पुढे १ लावला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी.

दुसऱ्या ग्रंथालयाकडून घेतलेली आयती नोंद आरडीएची आहे का, हे ओळखायला ०४०चा ई उपखण बघावा. तिथे तसं लिहिलेलं असतं. शिवाय प्रकाशनाचा तपशील २६०ऐवजी २६४मध्ये असतो, आणि पानं, चित्रं यांचे संक्षेप न करता पूर्ण शब्द लिहिलेले असतात.

खरा कस लागला तो लेखकांच्या नावांत. कविता कुसुमाग्रजांच्या, नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, माणूस एकच. दोन्ही नावं एकाखाली घालावीत असं मला वाटत होतं. नियम मात्र सांगतो की एकच लेखक वेगवेगळ्या नावांनी लिहीत असेल, तर त्या त्या पुस्तकावरचं नाव १००मध्ये ठेवा. ‘कुसुमाग्रज’साठी पहिला दर्शक, म्हणजे नावाचा प्रकार सांगणारा अंक, ०, कारण तिथे आडनाव नाही, ‘शिरवाडकर, वि. वा.’साठी १. दोन्ही नावांच्या प्राधिकृत नोंदी, म्हणजे नावाचं ठरलेलं रूप सांगणाऱ्या नोंदी, वेगळ्या करायच्या आणि त्यांच्या ५०० खणातून त्या एकमेकींना जोडायच्या. ‘हेही पाहा’ची कार्डं आम्ही पूर्वी हाताने लिहायचो, तेच हे. मला हा नियम पटला. नाटक मागणारा वाचक शिरवाडकरच म्हणतो.

झेड ३९.५० हे सगळ्यात रुक्ष नाव, पण सगळ्यात जास्त वेळ त्यानेच वाचवला. आयएसबीएन टाकला की दुसऱ्या ग्रंथालयाच्या साठ्यातली नोंद आपल्याकडे उतरते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र परदेशातून आलेलं शीर्षक बरेचदा रोमन लिपीत असतं, तेही अक्षरांवर-खाली टिंबं-रेघांसह. २४५मध्ये मी देवनागरी घालते आणि साधं रोमन रूप २४६मध्ये ठेवते. ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय तालिकेत, शोधणारी कॉलेजची पोरं इंग्रजी कळफलकच बडवतात. २४६ रिकामा राहिला, तर पुस्तक कपाटात असूनही ‘नाहीये’ म्हणून परत जातात.