जात्याची घरघर आणि काकणांची किणकिण

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घराच्या सोप्यात दळताना आजीने म्हटलेल्या ओव्या वडिलांनी १९९३ साली टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. तासातासाच्या चार कॅसेटी आहेत. त्यांत आजीच्या आवाजाबरोबर जात्याची घरघर आहे आणि तिच्या हातातील काकणांची किणकिणही आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून आम्ही या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. मिळालेल्या एमपी-थ्री फाइली लहान होत्या आणि ओव्यांचे शब्द नीट कळत होते, परंतु काकणांचा आवाज पाण्याखालून यावा तसा फिसकटलेला होता. चुलतभावाने त्याच फाइली वेव्ह स्वरूपात बदलून दिल्या, तेव्हा प्रत्येक फाइल सुमारे अकरापट मोठी झाली. काकणे मात्र होती तशीच राहिली.

ध्वनीच्या फाइलीचे स्वरूप बदलणे म्हणजे नेमके काय, हे मी त्यानंतर मनापासून समजून घेतले. वेव्ह फाइलीत सीडीच्या दर्जाने ध्वनी साठवला, तर दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यासाठी १६ बिट लागतात. एकाच वाहिनीचे, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण असेल तर तासाला सुमारे ३१८ एमबी जागा जाते. एमपी-थ्री ही जागा वाचवते ती माणसाच्या कानाची मर्यादा ओळखून: मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज आपल्याला ऐकू येणार नाही, असे गणित करून ती त्याची माहिती कमी करते किंवा टाकून देते. गाण्याला आणि बोलण्याला हे बहुतेक वेळा मानवते. पण काकणांचा आवाज एका क्षणात उमटतो आणि विरतो, आणि एमपी-थ्री तर ध्वनीचे ठरावीक लांबीचे तुकडे करून त्यांवर काम करते. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या ध्वनीसाठी वापरायच्या बिटांची संख्या, कमी ठेवला, की त्या तुकड्यातील चूक संपूर्ण तुकड्यावर पसरते आणि किणकिण उमटण्याच्या आधीच तिची खरखर ऐकू येऊ लागते. एकदा टाकलेली माहिती फाइल पुन्हा वेव्ह केल्याने परत येत नाही; मोठ्या डब्यात थोडेच पीठ भरावे, तसा तो प्रकार होतो.

म्हणून मूळ कॅसेटी पुन्हा उतरवण्याचे ठरवले. टेपरेकॉर्डरचे फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसले, त्याची हेडफोनची वायर संगणकात बाहेरचा आवाज घेणाऱ्या लाइन-इन या खाचेला जोडली आणि ऑडॅसिटी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण केले. ऑडॅसिटी २००० सालापासून सर्वांना मोफत मिळते. आवाजाची पातळी थोडी खालीच ठेवावी, कारण आवाज एकदा फाटला, की तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे सांधता येत नाही. फितीची सरसर कमी करण्याचा मोह मी मूळ फाइलीपुरता टाळला, कारण सरसर काढताना जात्याची घरघरही खरवडली जाते, असे कानांनी स्पष्ट सांगितले.

फाइलींचे स्वरूप बदलण्याचे पुढचे काम एफएफएमपेगने केले. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले हे सॉफ्टवेअर आज्ञा टाइप करून चालवायचे असते आणि पहिल्यांदा त्याचा काळा पडदा पाहून मन थोडे कचरते. आज्ञा मात्र सरळ आहे: सॉफ्टवेअरचे नाव, मग वजाचिन्ह लावलेले आय हे अक्षर, त्यापुढे मूळ फाइलीचे नाव आणि शेवटी नव्या फाइलीचे नाव. नव्या नावाच्या शेपटीवरून कोणते स्वरूप हवे आहे, हे ते स्वतः ओळखते. एमपी-थ्री करताना बिटरेट सांगायला विसरलो, तर सहसा ते १२८ किलोबिट गृहीत धरते, म्हणून बिटरेट आपणच लिहावा.

जपून ठेवायच्या प्रतींसाठी मी फ्लॅक हे स्वरूप निवडले. २००१ साली आलेल्या या स्वरूपात फाइल बरीच लहान होते, पण एकही बिट गळत नाही. ती पुन्हा वेव्ह केली, तर मूळ ध्वनी जसाच्या तसा हाती येतो. शिवाय फ्लॅकच्या फाइलीत मूळ ध्वनीची एक तपासणी-संख्या साठवता येते, त्यामुळे दहा वर्षांनी डिस्कवरची फाइल खराब झाली का, हे एका आज्ञेने कळते. वेव्ह फाइलीत अशी सोय नसते. ओवीचा विषय, आजीचे नाव आणि साल हे सारे फाइलीतच देवनागरीत लिहिता येते, याचे मला विशेष समाधान वाटते.

शाहूपुरीच्या आत्यांकडे ओव्यांची एक सीडी होती, ती २०१९ च्या महापुरात गेली. त्यामुळे आता फ्लॅकच्या प्रती दोन वेगवेगळ्या घरांत ठेवल्या आहेत. ऐकण्याच्या प्रती वेगळ्या आहेत आणि त्या नेहमी फ्लॅकवरूनच तयार करतो, एमपी-थ्रीवरून कधीही नाही. भाच्यांच्या स्मार्टफोनसाठी ओपस हे स्वरूप वापरले, कारण कमी बिटरेटमध्येही त्यात आवाज स्वच्छ राहतो. आत्यांच्या बटणांच्या फोनला ओपस कळत नाही, म्हणून त्यांच्या मेमरी कार्डावर १२८ किलोबिटची एमपी-थ्री घालून दिली. एमपी-थ्रीच्या पेटंटांची मुदत संपल्याने त्यांचे परवाने देणे २०१७ साली थांबले, त्यामुळे ती तयार करण्याची सोय आता ऑडॅसिटीतच मिळते. पूर्वी त्यासाठी लेम नावाचे सॉफ्टवेअर वेगळे उतरवून घ्यावे लागे.

ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, हा लाभ मोठाच आहे, पण मला त्यांचा उघडा सोर्सकोड, म्हणजे कोणालाही वाचता येणारी मूळ आज्ञावली, अधिक मोलाचा वाटतो. फ्लॅक फाइल कशी वाचायची, हे जगासमोर लिहून ठेवलेले आहे, त्यामुळे एखादी कंपनी बंद पडली म्हणून आजीच्या ओव्यांना कुलूप लागणार नाही.

तीन कॅसेटी पूर्ण झाल्या आहेत. चौथीच्या फितीवर पावसाळ्यातील दमटपणाने बुरशी धरली आहे, म्हणून ती अजून टेपरेकॉर्डरमध्ये घातलेली नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली, की तिचे स्क्रू काढून फीत हातानेच हलक्या कापडाने पुसायची आणि मगच लावायची, असे आत्यांशी बोलून ठरवले आहे.